कल्याण कॅम्पातली मुलगी एकटी कुठवर जाते?

पावसाळा लागला की बाल दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू होते. यंदा कुणाला निर्वासित मुलीची गोष्ट लिहायची असेल, तर काबूल किंवा सीरियाकडे वळण्याआधी ठाणे जिल्ह्यातच बघा. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, म्हणजे कल्याण कॅम्प, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना राहायला दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. कॅम्पांचे एक ते पाच नंबर लोकांच्या पत्त्यांत अजून आहेत. गोष्ट १९४८ची असेल तर ‘उल्हासनगर’ लिहू नका. ही चूक हमखास होते.

दुसरी चूक जास्त जड आहे. फाळणी म्हटलं की प्रेतांनी भरलेली रेल्वे लिहायची सवय झालीय. ती पंजाबची हकीकत. सिंधमधला मोठा लोंढा निघाला तो ६ जानेवारी १९४८च्या कराचीतल्या दंगलीनंतर, आणि त्यातले पुष्कळ लोक बोटीने मुंबईला उतरले. काही मीरपूरखासवरून रेल्वेने राजस्थानात गेले. तुमची नायिका कराचीहून बोटीने आली असेल, तर तिच्या भीतीचा रंग वेगळा: बोट लागणं, सामानावर बसून काढलेली रात्र, धक्क्यावर नावं लिहून घेणारा कारकून. दीड-दोन हजार शब्दांच्या कथेत या प्रवासाला तीनशेहून जास्त शब्द देऊ नयेत. खरी गोष्ट बराकीत आहे.

आता स्वातंत्र्याचं. बालकथेत ते भाषणातून आलं की मुलं पान उलटतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं स्वातंत्र्य मोजायचं एकच माप मला पटतं: ती एकटी कुठवर जाऊ शकते? कॅम्पात हे अंतर आधी आकसतं. अनोळखी मुलूख, पोत्यांचे पडदे लावून वाटलेली बराक, पडद्यापलीकडे परकं कुटुंब. आईबाप मुलींना नजरेआड होऊ देत नाहीत. देश स्वतंत्र झाला आणि हिचं अंगण गेलं. हे वाक्य कथेत कुणाच्याही तोंडी घालू नका, ते प्रसंगातून दिसलं पाहिजे.

लिहिण्याआधी कागदावर चार वर्तुळं काढा: बराक, नळ, शाळा, स्टेशन. प्रत्येक वर्तुळ ओलांडायला तिला काहीतरी कारण हवं आणि त्याची थोडी किंमतही. प्रसंग लिहून झाला की समासात नोंदवा, इथला निर्णय कुणाचा? सलग तीन प्रसंगांत ‘बाबा’ किंवा ‘अमां’ आलं तर कथा पालकांची झाली, मुलगी नुसती सामानासारखी हलतेय.

पहिलं वर्तुळ असं ओलांडता येईल:

‘अमांचं लाटणं थांबलं नाही. “कोपऱ्यापर्यंतच हं.” मोहिनी कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून नळ दिसत होता, रांग दिसत नव्हती. ती आणखी पाच पावलं गेली, बादल्या मोजल्या आणि परत आली. “चौदा आहेत.” अमांने वर पाहिलं. कोपऱ्यावरून चौदा बादल्या दिसत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.’

थान्हा लाय यांच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ या २०११च्या पद्यकादंबरीत व्हिएतनामी नवीन वर्षाच्या पहाटे घरातल्या मुलग्याचं पाऊल आधी जमिनीला लागायचं असतं. ‘हा’ नावाची त्यातली मुलगी सगळ्यांच्या आधी उठून आपला अंगठा गुपचूप फरशीला टेकवते. एवढंसंच, पण पुढचं सगळं बंड त्यात आहे. याउलट डेबोरा एलिस यांच्या ‘द ब्रेडविनर’मधली परवाना केस कापून मुलगा होते. तिथे तालिबानने बायकांना एकटं बाहेर पडायची आणि कामाची बंदी घातली होती, म्हणून ते पटतं. तीच युक्ती कल्याण कॅम्पात आणली तर कृत्रिम वाटेल, कारण इथे अडवणारा कायदा नाही, धास्ती आहे. आणि बायका इथे कमावत होत्याच. पापडावर कितीतरी सिंधी घरं उभी राहिली.

पापडाचा कथेला फार उपयोग होतो. उडदाचं पीठ, मिरे, जिरं, पापडखार. घट्ट भिजवायचं, कुटायचं, लाटायचं, उन्हात घालायचं. सिंधमधल्या हैदराबादला वर्षभरात जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. घरांच्या छतांवर वारा खाली ओढून घेणारे झरोके. तिथून आलेली माणसं ठाण्याच्या अडीच हजार मिलिमीटरमध्ये पडली. जूनच्या मध्यावर पापड ओलेच राहतात, दोन दिवसांत बुरशी धरतात, व्यापारी माल परत करतो. बाबा कामाच्या शोधात मुंबईला गेलेले. उरलेला चांगला माल डोंबिवलीला कोण पोचवणार? आता मोहिनीला स्टेशनावर धाडायला खरं कारण मिळालं. कल्याणला विजेची लोकल तेव्हा होती, कथेत वाफेचं इंजिन आणू नका.

अडचण अशी की ती अरबी वळणाच्या लिपीतली सिंधी वाचते, देवनागरी पाटी तिला नुसती नक्षी. म्हणून ती मोजते: ठाकुर्ली एक, डोंबिवली दोन. गाडी मध्येच सिग्नलला थांबते, हिचा आकडा चुकतो. इथे कुणी दयाळू मास्तर आणून तिला सोडवू नका. मला या मास्तरांचा कंटाळा आलाय. चुकीच्या ठिकाणी उतरू द्या, भाजीवालीने ‘कुठं जायचंय गो?’ विचारू द्या, उलट चालत येऊ द्या. पुढच्या खेपेला ती ‘डों’चा आकार पाठीवर कोळशाने गिरवून ठेवते, आणि ही कल्पना तिचीच असली पाहिजे. (पाठीवर म्हणजे कॅम्पातल्या चुलत भावाच्या. तो कुरकुरतो. मुलं इथे हसतात.)

कच्चा खर्डा सहावीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. अठराशे शब्दांना पंधरा मिनिटं लागतात. चुळबुळ सुरू होते ती बहुधा बोटीवर.

आणि उल्हासनगरला एखादी फेरी माराच. तेव्हा पोरवयात असलेले आता नव्वदीला टेकलेत. त्यांना ‘काय काय सोसलंत?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. नळ किती लांब होता, तिथे कोण जायचं, मुलींना कितीपर्यंत सोडायचे, असं विचारा. वही उघडी ठेवा, फोन खिशात.