रोजची भाकर

"मॅडम, तुम्हाला खरंच काही घ्यावंसं वाटत नाही? की तुमच्या ख्रिस्ती धर्मात तसं सांगितलंय?" दिवाळीचे सेल लागले की ऑफिसात कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

वाटतं. पुष्कळ वाटतं. चार वर्षांपूर्वी माझ्या पगारातून तीन हप्ते जायचे. त्यातला एक टीव्हीचा, आणि जुना टीव्ही चांगला चालत होता. रात्री अंथरुणात फोनवर वस्तू बघत राहायचे, मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणून डोळे मिटायचे. लहानपणापासून पाठ. एका रात्री 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हणताना त्या 'आज'शी थबकले. मागते आजची भाकर, आणि पुढच्या दोन वर्षांचा पगार आधीच खर्चून बसलेय.

नगरला आमची आजी बाजरी दळून आणायची ती चार-पाच दिवसांपुरतीच. जास्त दिवस ठेवलं की पीठ कडवट होतं. भाकरी थापता थापता ती आम्हाला बायबलमधली मान्नाची गोष्ट सांगायची. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेल्या इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी देव मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, द्यायचा, तो त्या दिवसापुरताच. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, तो मात्र टिकायचा. "आपल्या बाजरीसारखंच की," आजी म्हणायची, आणि परातीतलं उरलेलं पीठ बोटांनी निपटून घ्यायची.

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. विपुलता असो की टंचाई, संतुष्ट राहायला मी शिकलोय, असं त्यात आहे. 'शिकलोय' या शब्दाचा मला फार आधार वाटतो. म्हणजे त्यालाही ते आपोआप आलं नव्हतं. मीही शिकतेय. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी मी रडले होते.

आणि प्रार्थनेत 'मला' नाही, 'आम्हांस' आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाच्या उपकारस्तुतीला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला, लोक कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडीसुद्धा घेऊन येतात. उपासना झाली की अंगणात लिलाव. बोली जिंकणारा पैसे भरतो आणि पुष्कळदा वस्तू पुन्हा लिलावालाच देतो. यंदा एक लाल भोपळा तीनदा विकला गेला. दुसऱ्यांदा तो मी घेतला होता, चारशे रुपयांना.