एफ १ विरुद्ध एफ २

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या, ज्या मॅचच्या तिकिटासाठी अर्ज केला, तिच्यात कोण खेळणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. अर्जात फक्त एवढंच होतं: १८ जून २०२४, जर्मनीतलं डॉर्टमुंड, एफ १ विरुद्ध एफ २, म्हणजे एफ गटातला पहिला संघ विरुद्ध दुसरा. युरोचे गट डिसेंबरात पडणार होते आणि शेवटचे तीन संघ तर मार्चच्या प्लेऑफनंतर, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या मॅचेसनंतर, ठरणार होते. मी डॉर्टमुंड निवडलं ते मैदानासाठी. मी कोल्हापूरचा. मामाचा हात धरून शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलो. दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये उभी असलेली डॉर्टमुंडच्या पिवळ्या कपड्यांतल्या प्रेक्षकांची ती भिंत टीव्हीवर दिसली की वाटायचं, ही माणसं आपल्याच तालमीतली आहेत.

अर्जाची मुदत ३ ते २६ ऑक्टोबर होती. पहिल्या दिवशी भरा की शेवटच्या, फरक पडत नव्हता, कारण सगळी लॉटरीच. हे ठाऊक नसल्यामुळे माझे दोन मित्र ‘आता उशीर झाला’ म्हणून अर्ज न करताच थांबले, याचं मला आजही वाईट वाटतं. गटातल्या मॅचचं साधं तिकीट ६० युरोंचं, त्याहून स्वस्त ३० युरोंचं गोलपोस्टच्या मागचं. मी ६० चं मागितलं आणि लागलं. मेल आला तेव्हा मी दुकानात होतो. मामाला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न, “कुणाची मॅच?” म्हटलं, अजून ठरायचंय. “मग तिकीट कशाचं दिलं रं तुला?”

२ डिसेंबरला हॅम्बुर्गमध्ये गट पडले आणि एफ १ म्हणजे तुर्किये निघालं. समोरचा संघ अजून रिकामाच. २६ मार्चला रात्री तिबिलिसीत जॉर्जिया आणि ग्रीस यांची प्लेऑफची फायनल होती. १२० मिनिटं गोल नाही, मग पेनल्टी. जॉर्जियाच्या क्वेकवेस्किरीने शेवटची पेनल्टी मारली आणि लोक मैदानात घुसले. जॉर्जिया पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या स्पर्धेत पोचला होता. त्या देशाची पहिली मॅच आणि माझं तिकीट एकच आहे, हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी झोप येईना.

खरी दमछाक झाली ती व्हिसाला. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मी डिसेंबरातच अपॉइंटमेंट घ्यायला हवी होती. मी थांबलो आणि मार्चमध्ये बघतो तर एकही तारीख मोकळी नाही. पंधरा दिवस रोज पहाटे उठून संगणकापुढे बसायचो. एका एजंटने पैसे घेऊन तारीख मिळवून देतो म्हणून सांगितलं; मी नकार दिला आणि तुम्हीही द्या. शेवटी एप्रिलच्या अखेरीस मुंबईची एक तारीख सापडली.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीत मुंबई गाठली. फाइलमध्ये तिकिटाच्या मेलची प्रिंट, हॉटेलचं बुकिंग, विमानाचं बुकिंग, तीन वर्षांचं आयटीआर, दुकानाचं शॉप अॅक्ट लायसन्स, ३० हजार युरोंचं कव्हर असलेला विमा, सगळं क्रमाने लावलेलं. खिडकीवरच्या मुलीने पानं उलटली आणि बँक स्टेटमेंटवर थांबली. “यावर बँकेचा शिक्का नाही.” नेटवरून काढलेलं स्टेटमेंट होतं ते. खाली उतरलो, रिक्षावाल्याला बँकेची जवळची शाखा विचारली. तिथल्या मॅनेजर बाईंनी आधी “तुमची शाखा कोल्हापूरची आहे” म्हणून परत पाठवायचा विचार केला. मी मोबाइलवर मॅचचा मेल दाखवला. त्यांनी वाचला, माझ्याकडे बघितलं आणि सहाही पानांवर स्वतः शिक्के मारून सह्या केल्या. वेळ संपायला दहा मिनिटं असताना मी परत खिडकीशी उभा होतो. ८० युरो फी (जून २०२४ पासून ती ९० झाली), बोटांचे ठसे, फोटो. अठरा दिवसांनी पासपोर्ट घरी आला.

डॉर्टमुंडमधली हॉटेलं परवडत नव्हती, म्हणून वुपरटालला खोली घेतली. नदीवरून रुळाखाली लटकत जाणारी रेल्वे असलेलं शहर आहे ते. मॅचच्या तिकिटावर ३६ तास आसपासची लोकल वाहतूक फुकट होती, मॅचच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. त्यामुळे तिथून जाण्यायेण्याला एक पैसाही लागला नाही.

दुपारी गाडीत बसलो आणि आभाळ फाटलं. गाडी मध्येच थांबली ती थांबलीच. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, खांद्यावर पांढरा झेंडा, त्यावर पाच लाल क्रूस. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या नातवाला थोडं यायचं. जॉर्जियातल्या कुटाइसीहून आले होते दोघे. आजोबांनी पिशवीतून मेणबत्तीसारखं काहीतरी काढलं आणि तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला. दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवलेले. चर्चखेला. चव थेट काकवीकडे जाणारी. मी खिशातून भडंग काढलं. त्यांनी मूठभर तोंडात टाकलं, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं, तरी हात पुन्हा पुढे आला. गाडी हलली तेव्हा पुडी रिकामी झालेली.

या युरोचं तिकीट पूर्ण मोबाइलवर होतं, हे पुढे जाणाऱ्याने नीट लक्षात ठेवावं. त्याचा कोड घरी दिसत नव्हता. ब्लूटूथ चालू ठेवून स्टेडियमजवळ गेल्यावरच तो उघडायचा. स्क्रीनशॉटचा उपयोग शून्य. पावसात फोन ओला होऊन बोटं चालत नव्हती, माझ्या पुढच्या मुलाची बॅटरी संपली आणि तो रडवेला झाला. मी त्याला पॉवरबँक दिली आणि तो आत जाईपर्यंत थांबलो. ए ४ कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नव्हते, म्हणून मी पाठीवर काहीच घेतलं नव्हतं.

आत छताच्या कोपऱ्यातून पाण्याची धार स्टँडमध्ये कोसळत होती आणि माझ्या चारी बाजूंना लाल रंग. जर्मनीत तुर्की वंशाचे लोक लाखोंनी राहतात. त्यांच्यासाठी ही घरचीच मॅच होती. त्या गदारोळात जॉर्जियाचा कोपरा पांढरा, छोटा, आणि क्षणभरही गप्प नसलेला. २५ व्या मिनिटाला तुर्कियेच्या मुल्दुरने चेंडू हवेतच असा झोडला की माझ्या शेजारच्या काकूंनी मला मिठी मारली. सात मिनिटांनी मिकाउताद्झेने बरोबरी साधली. जॉर्जियाचा मोठ्या स्पर्धेतला पहिला गोल. मी लाल गर्दीत उभा राहून ओरडलो, आणि काकूंनी त्यावरही माझी पाठ थोपटली. मग तुर्कियेच्या १९ वर्षांच्या आर्दा गुलरने लांबून डाव्या पायाने तो गोल मारला. अगदी शेवटी जॉर्जियाचा फटका खांबाला लागून परत आला, गोलकीपर ममार्दाश्विलीसुद्धा पुढे गेलेला, आणि आक्तुर्कोग्लूने रिकाम्या गोलात चेंडू नेऊन ठेवला. ३-१.

मॅच संपल्यावर जॉर्जियाचे खेळाडू त्या पांढऱ्या कोपऱ्यापुढे उभे राहिले. हरलेल्या संघाला इतका वेळ टाळ्या मिळताना मी आजवर बघितलं नव्हतं. स्टेशनवर आजोबांना शोधलं, पण त्या गर्दीत ते काही भेटले नाहीत.

पुढच्या युरोची तयारी करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: २०२८ ची स्पर्धा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये आहे, आणि शेंगेन व्हिसा यातल्या एकाही ठिकाणी चालत नाही. व्हिसाच्या तारखा उघडल्या की त्याच आठवड्यात अर्ज करा. आणि कोण खेळणार हे ठरलेलं नसलं तरी मॅच निवडाच.

२६ जूनला मी घरी परतलो होतो. जॉर्जियाची पोर्तुगालशी मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला होती. मामा उशी घेऊन माझ्याकडेच आला. मॅच सुरू झाली तेव्हा तो चष्मा शोधत होता. दुसऱ्याच मिनिटाला जॉर्जियाचा क्वारात्सखेलिया एकटा पळत सुटला.

“मारला की रं!” मामा चष्म्याशिवायच ओरडला. “आपल्या पोरांनी मारला!”