आमची वाटचाल : फ्लेमप्रूफ पेटी आणि फिलर गेज

भुयारी कोळसा खाणीत कोळसा भरून नेणाऱ्या एसडीएल-एलएचडी या लोडर गाड्यांचे फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर पसरू न देणाऱ्या पेटीतले) स्टार्टर, त्यांना वीज पुरवणाऱ्या स्विचची पेटी म्हणजे गेट एंड बॉक्स आणि गाडीमागे फरफटत जाणारी ट्रेलिंग केबल रिपेअर करणं हे आमचं काम. मी आणि पार्टनरने सुरू केलं तेव्हा जवळ एक जुना लेथ, केबलच्या जॉइंटवर रबर तापवून बसवायचा एक व्हल्कनायझिंग प्रेस आणि फिलर गेजचा, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा, एक सेट होता. पाती झिजल्यामुळे तो सेट आता मापाला घेत नाही, पण टाकवतही नाही.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग एकाने निम्म्या रेटने तेच काम घ्यायला सुरुवात केली. पेटी आणि कव्हर जिथे एकमेकांवर टेकतात त्या फ्लँजला ओरखडा आला की आम्ही मशिनिंग करून परत गॅप मोजायचो, हा सीलंट फासून वर रंग मारायचा, पेटी आमच्यापेक्षा चकाचक दिसायची! अहो, पेटीत स्पार्क होणारच, गॅस शिरला तर आतल्या आत स्फोटही होणार, ती ज्वाळा फ्लँजच्या अरुंद फटीतून येता येता थंड व्हावी म्हणून तर ते माप असतं. बाहेर हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला आणि फट वाढलेली असली की संपलंच. खाणवाल्यांच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तर ते म्हणे, तुमचा रेट जास्त आहे म्हणून बोलताय. ते आजही सलतं. ऑर्डरी आटल्या, पार्टनर त्याचा हिस्सा घेऊन गेला, लेथ विकायला काढला.

तेव्हा खाणीतले एकच फोरमन साहेब आमच्याबरोबर टिकून राहिले. टॉर्च आणि गेज घेऊन यायचे, गुडघ्यावर बसून फ्लँजच्या चारी बाजूंनी पातं फिरवायचे, ड्रॉइंगमधल्या कमाल गॅपचं पातं कुठेही आत गेलं की पेटी परत. आमच्याही दोन परत केल्या त्यांनी, पण त्या रंगवलेल्या पेट्यांतली तर एकही खाली खाणीत जाऊ दिली नाही. त्यांच्या कामावर वर्कशॉप तगलं.

मग कोळसा सलग कापत जाणारी कंटिन्युअस मायनर मशिनं आली, एसडीएलचं काम घटलं आणि त्या मशिनचा कोळसा वाहणाऱ्या शटल कारच्या केबलचं वाढलं, कारण गाडीच्या प्रत्येक फेरीत ही केबल गाडीवरच्या रीलवर गुंडाळते नि सुटते. एक सांगतो, रीलवर जास्त वेढे ठेवून गाडी सतत चालवू नका, आतल्या थरांची उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन आतून भाजतं आणि वरून काही कळत नाही. केबलचा जॉइंट नुसत्या टेपवर सोडू नका. आणि फ्लेमप्रूफ पेटीच्या कव्हरचे चारच बोल्ट लावून बाकीचे पुढच्या शिफ्टला लावू, हे तर अजिबात नको.