उले आणि रुमबाक: हिमबिबट्याच्या मागावर

लडाखमध्ये हिमबिबट्या बघायचा तर फेब्रुवारी-मार्चात जा, हे सगळेच सांगतात. वरची कुरणं बर्फाखाली गेली की भरल (डोंगरी रानमेंढ्या) आणि आयबेक्स (रानबकऱ्या) खाली उतरतात, त्यांच्यामागे तोही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्यांच्या जोड्या जमण्याचा काळ, त्यामुळे फिरणं, खुणा सोडणं, ओरडणं वाढलेलं असतं. पण एक गोष्ट टूरवाले फारशी सांगत नाहीत: तिथे जनावर तुम्ही शोधत नाही, स्पॉटर, म्हणजे डोंगर चाळून जनावर हुडकणारा माणूस, शोधतो. तुमचं काम थंडीत टिकून राहायचं. म्हणून बुकिंग करताना खोल्यांचे फोटो बघण्याआधी विचारा, स्पॉटर किती, ते त्याच खोऱ्यातले आहेत का, प्रत्येकाकडे स्वतःचा स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) आहे का. आठ पाहुण्यांमागे एकच स्पॉटर असेल तर सरळ दुसरीकडे चौकशी करा.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर काहीच होत नाही, म्हणून लोक लगेच बाजारात हिंडायला निघतात आणि रात्री डोकं धरून बसतात. दोन पूर्ण दिवस आराम करा. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही, ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आता दोन्ही गावं. उले साधारण चार हजार मीटरवर. गाडी गावापर्यंत जाते आणि पुष्कळदा रस्त्याच्या वळणावरच स्कोप लावून समोरचे डोंगर चाळता येतात. गुडघे कुरकुरत असतील तर उलेच निवडा. रुमबाक हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं. झिंगचेनच्या पुढे नाल्याकाठच्या चढावर पायपिटीची तयारी हवी. खोरं अरुंद, ऊन उशिरा येतं, पण भरल मुबलक. मला स्वतःला रुमबाक जास्त आवडलं, कारण तिथे चालताना जमिनीवरचं वाचायला मिळतं: कड्याच्या पायथ्याशी मागच्या पायांनी उकरलेली माती, पुढे झुकलेल्या खडकाच्या आतल्या अंगाला मारलेली मुताची पिचकारी. आमच्या गाइडने तिथे नाक लावून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. उग्र होता, म्हणजे ताजा.

जनावर मात्र दिसलं उलेत. स्पॉटरने स्कोप लावला होता तो आयबेक्सच्या कळपावर. बराच वेळ तो त्यांनाच बघत बसला. मग कळपातल्या माद्यांनी एकदम माना वर केल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. त्याने स्कोप तिकडे वळवला, कडा ओळीओळीने चाळला आणि मला पुढे ओढलं. मला नुसते दगड. ‘पूंछ देखो सर, पत्थर मत देखो.’ खडकाच्या कडेवरून दोरखंडासारखं काहीतरी लोंबत होतं, त्याचं टोक हललं, आणि मग त्याच्यामागचा अख्खा हिमबिबट्या एकेक ठिपका करत दिसू लागला.

अंतर अर्ध्या किलोमीटरहून जास्तच. सहाशे मिलिमीटरच्या लेन्समध्येही तो चौकटीतला एक छोटा तुकडा असतो, हे आधीच मान्य करून जा. ऊन चढलं की तापलेल्या दगडांवरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी फोटो मऊ, म्हणजे अस्पष्टच येतो. म्हणून सकाळचा पहिला तास सोडू नका. बर्फ जास्त असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. मला तरी डोंगरासकट काढलेले फोटोच आज जास्त आवडतात. स्कोपला मोबाइल लावायचा अडॅप्टर जरूर न्या.

दुसऱ्या एका गटातले दोघे जवळून फोटो मिळावा म्हणून नाला ओलांडून वर निघाले होते. त्यांच्या गाइडने हाका मारून परत बोलावलं ते बरं झालं. मोठी शिकार साधली की हिमबिबट्या तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही तिच्याजवळ राहतो. माणूस फार जवळ गेला तर तो शिकार टाकून निघून जाऊ शकतो. मग तुमचेही दिवस गेले आणि त्याचंही अन्न.

राहायला होमस्टेच घ्या. आमच्या आमा-ले, म्हणजे घरच्या मालकीणबाई, रोज संध्याकाळी मेंढ्या कोंडून गोठ्याचं दार स्वतः तपासायच्या. वरून लोखंडी जाळी मारलेली, कारण हा प्राणी आत शिरला तर एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. एवढे हिमबिबटे आणि मेंढ्या एकाच डोंगरावर नांदायचे तर पाहुण्यांचा पैसा आमा-लेंच्या घरात पोचलाच पाहिजे.

सामानाचं थोडक्यात. जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत, डोंगरावर आतल्या खिशात. बुखारीच्या (शेगडीच्या) उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच पिशवीत हवाबंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. रोख रक्कम लेहमध्येच काढा आणि स्पॉटरची टीप वेगळी ठेवा, ती त्याच्याच हातात द्या. परतीचं विमान हवामानामुळे रद्द होऊ शकतं, म्हणून लेहमध्ये एक दिवस मोकळा ठेवून पुढचं तिकीट काढा.