गाडी थांबली की खिसा कुणाचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघतो मी, त्यामुळं ड्रायव्हर लोकांची भांडणं ऐकायची सवय झालीय. डिझेल, टोल याच्यावरनं होतात पण ती लगेच मिटतात. खरं भांडण हॉल्टिंगचं. गाडी पोचलीय, माल भरलेला आहे, पण समोरचा खाली करून घेत नाही, मग त्या उभ्या गाडीचे पैसे कोण देणार?

बाहेरच्या माणसाला वाटतंय ड्रायव्हरला पगार असतोय, थांबला तर थांबला. तसं नसतंय ओ. बऱ्याच ठिकाणी पगार नावाला आणि खरी कमाई ट्रिपवर, भत्ता पण ट्रिपवरच ठरलेला. मग ती ट्रिप दोन दिवसात होऊ दे नाहीतर पाच दिवसात, भत्ता तेवढाच. पोटाला मात्र रोज लागतंय, शिवाय पार्किंगवाला, आंघोळीचे पैसे, आणि गाडी सोडून लांब जाता येत नाही कारण रात्री ताडपत्री फाडणारे आणि डिझेल काढणारे फिरत असतात.

मागं आमची एक गाडी कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, भरून चाकणला गेली. कंपनीचं नाव नको. शनिवारी दुपारी गेटवर लागली, स्टोअरवाला म्हणाला आज होत नाही सोमवारी बघू, सोमवारी क्वालिटीचा माणूस रजेवर, शेवटी मंगळवारी संध्याकाळी खाली झाली. त्या गाडीवरचे ड्रायव्हर मामा परत आले आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, टेबलावर टाकून म्हणाले, "दिवाणजी, हॉल्टिंगचं बघा जरा."

बघतोय तर शिक्का मंगळवारचा. इन टाईम मंगळवार, आऊट टाईम पण मंगळवार. कागदावर गाडी एका दिवसात मोकळी! गेटबाहेर उभी असलेली गाडी त्यांच्या लेखी आलेलीच नसते, चाक आत गेल्याशिवाय रजिस्टरला नोंद नाही. मामा जुना माणूस, त्यांनी शनिवारीच वॉचमनकडनं बिल्टीच्या मागं पेनानं वेळ लिहून घेतलेली, सही करायला तो घाबरला, नुसती वेळ. मी फास्टॅगचा मेसेज काढला, खेड शिवापूर टोल, शनिवार सकाळ. आता शनिवारी सकाळी खेड शिवापूर सोडलेली गाडी मंगळवारपर्यंत काय कात्रजच्या घाटात आंबे विकत होती काय? दोन्ही जोडून मेल टाकला. उत्तर आलं, आमच्या रेकॉर्डप्रमाणे देय नाही.

मग सुरू होतंय ते नेहमीचं. कंपनी म्हणते ट्रान्सपोर्टरला विचारा, ट्रान्सपोर्टर म्हणतो पार्टीनं दिलं तर देतो, मधला ब्रोकर फोन उचलत नाही, गाडीमालक म्हणतो बँक माझा हप्ता थांबवती काय. ज्याला पुढं ढकलायला कोण उरत नाही तो ड्रायव्हर. माझं मत सरळ आहे, ज्यानं थांबवलं त्यानं द्यावं. त्या स्टोअरवाल्याला फुकटात चाकावरचं गोडाऊन मिळालंय, रुपया जात नाही, मग तो घाई कशाला करंल?

वाराईचं, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचं, पण हेच. माल पार्टीचा, हमाल त्यांचे, आणि पैसे गाडीवाल्यानं द्यायचे. 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून ट्रान्सपोर्टवाले किती वर्षं ओरडतायत, तरी अजून गेटवर तोच वाद.

कायद्याचं म्हणाल तर १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट होता, पाच किंवा जास्त कामगार असले की लागू, दिवसाला ८ तास वगैरे. त्यात कामाचे तास मोजताना टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांपेक्षा कमी असला तर धरायचा असं लिहिलेलं. १५ मिनिटं! हे मामांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ हसत बसले.

पुराची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, गाड्यांच्या रांगाच रांगा. तिथं कुणाला दोष देणार? लोकांनी जेवण पुरवलं म्हणून ड्रायव्हर तरले. विमा गाडीत पाणी शिरलं तर कामाला येतो, नुसत्या उभ्या गाडीच्या बुडालेल्या भाड्याला नाही. वर ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत चालूच, आता २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, ती संपायच्या आधी ८ तास किंवा नंतर ८ तास एवढ्यातच वाढवून घ्यायची. विसरलं आणि पुढं गाडी पकडली तर परत उभी, म्हणजे थांबल्याबद्दल अजून थांबा. अशा वेळी निदान रोजचा भत्ता मालकानं द्यावा असं मला वाटतं, त्याचंही नुकसान होतंय हे मान्य करून.

आता आम्ही बिल्टीवरच छापून घेतलंय. गेटवर पोचल्याची वेळ ड्रायव्हरनं पाठवलेल्या लोकेशनवरनं धरणार, पहिले २४ तास फ्री, पुढं रोजचं हॉल्टिंग, आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा पार्टीच्या पेमेंटची वाट न बघता हिशोबात देणार. हा शेवटचा मुद्दा मालकांच्या गळी उतरवायला लई वेळ गेला. काही पार्ट्यांनी काही न बोलता सही केली. एकानं मात्र ती ओळच खोडून बिल्टी परत पाठवलीय, आणि उद्या सकाळी लोडिंग त्याचंच आहे. मामा म्हणतायत मी जात नाही, दुसरा कोण बघा.