पाठकोरे

मिक्सरच्या झाकणाला आतून एक रबरी रिंग असते. तिच्या खाचेत किती वर्षांची चटणी राहू शकते, हे ज्याला लेख लिहून द्यायचाय त्यालाच कळतं. परवा दुपारी मी ती सुरीच्या टोकानं उचकटली, जुन्या टूथब्रशनं घासली आणि उन्हात ठेवायला गॅलरीत गेले, तर ऊन कुठलं, श्रावण होता. मग पंख्याखाली ठेवली. वर बघितलं तर पंख्याची पातीही पुसायला झाली होती.

एरवी आमचं घर इतकं स्वच्छ नसतं. पण दिवाळी अंकाचा लेख डोक्यावर असला की डाळीचे डबे रिकामे होऊन पुसले जातात, कोथिंबीर काडी काडी निवडली जाते, बटणं तुटलेले शर्ट कपाटाच्या तळातून वर येतात. नवरा हल्ली दारात चपला काढता काढताच ओट्याकडे बघतो आणि विचारतो, "काय, अडकलाय वाटतं लेख?"

मराठीत लिहिणाऱ्यांच्या मागे हे लागलं १९०९ साली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी त्या वर्षी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला. लोकांना तो फराळाइतकाच आवडला आणि तिथून आपली सुटका नाही. अंक दिवाळीत वाचायचा तर छापायला नवरात्रात जायला हवा, म्हणजे मजकूर गणपतीच्या आत हातात हवा. म्हणजे लिहायचा कधी, तर घरभर दोऱ्या बांधून त्यावर ओले कपडे टाकलेले असतात, पापड सादळलेले असतात आणि वरणभात पोटात गेला की डोळे उघडे राहत नाहीत, तेव्हा. तशा हवेत बसून अभ्यंगस्नानाची कुडकुडती पहाट रंगवायची. आपल्याकडच्या लेखांतल्या दिवाळीत थंडी जरा जास्तच पडते ती यामुळेच, अशी मला दाट शंका आहे.

"ताई, लेख कुठवर आलाय?" संपादकांचा फोन.

"आलाच."

"गेल्या सोमवारीही आलाच म्हणाला होतात."

"तेव्हा निघाला होता."

प्रेरणा, स्फूर्ती वगैरे मंडळी माझ्याकडे कधी आलेली नाहीत. फोन मात्र येतो. त्यातून गणपती तोंडावर, आणि तो तर या खात्याचाच देव. व्यासांकडे लेखनिक म्हणून बसताना त्यानं अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासही काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, चालेल, पण अर्थ उमगल्याशिवाय अक्षर उतरवायचं नाही. आणि मग मध्येच असे गाठीचे श्लोक घालत गेले की बुद्धिदात्यालाही क्षणभर थांबून विचार करावा लागे. तेवढ्यात यांचं पुढचं रचून होई. अशा कूटश्लोकांची संख्या परंपरेनं ८,८०० सांगितली जाते. म्हणजे सुचेपर्यंत समोरच्याला कामाला लावून ठेवायची विद्या महाभारताइतकी जुनी आहे. संपादकांना कूट घालायची माझी काय प्राज्ञा, पण 'शब्दमर्यादा शीर्षक धरून का सोडून?' असा मेसेज टाकला की एखादा दिवस निघतो.

लोकांना वाटतं, बाई लिहिते, तिला वही द्यावी. हातकागदाच्या, कापडी बांधणीच्या, वर मोर काढलेल्या किती वह्या माझ्या कपाटात पडून आहेत. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर 'श्री' आहे, खाली तारीख आहे आणि पुढे काही नाही. असं कोरं करकरीत पान समोर आलं की मला झोप येते. मला पाठकोरे लागतात. बँकेचं स्टेटमेंट, सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, कुणाकुणाचे पॅथॉलॉजीचे रिपोर्ट. थायरॉइडच्या रिपोर्टमागे माझे काही उत्तम परिच्छेद झालेत. लग्नपत्रिका दिसायला भारी, पण तो कागद शाई धरत नाही, अक्षर पुसटतं. वीजबिलाच्या मागे सूचनांची गर्दी. आणि 'कालनिर्णय'! १९७३ सालापासून घरोघरी लटकतंय, कागद जाड, महिना उलटला की पान मोकळं. पण उलटून बघावं तर मागे आधीच कुणीतरी लेख लिहून दिलेला. तोही वेळेवर.

हे खूळ अण्णांकडून आलं. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात ते दिवाणजी होते. शेतकऱ्याला द्यायच्या पट्टीत चूक झाली की ती रद्द व्हायची, आणि असल्या रद्द पट्ट्या ते घरी आणायचे. दाभणानं कोपऱ्यात भोक पाडायचं, सुतळी ओवायची, वर गाठ मारायची, झाली आमची रफ वही. कागदाच्या कडा पिवळ्या. पानं उलटली की बोटं पिवळी, आणि नाकाला घासली की नाक पिवळं. पुढच्या अंगाला पोत्यांची संख्या, वजन, दर, खाली वजावट: हमाली, तोलाई. मागच्या अंगाला माझा 'आवडता ऋतू'. कागद ऊन्हाकडे धरला की हमाली माझ्या पावसाळ्यातून आरपार दिसायची.

अण्णांनी कोऱ्या वहीला कधी नाही म्हटलं नाही, पण ती शाळेची. तिथं खाडाखोड दिसली की कान पिरगळला जायचा. पट्टीवर आधीच चूक झालेली असल्यामुळे माझ्या चुकीला तिथं कुणी विचारत नसे.

आणि लिहायची खरी सुरसुरी यायची ती दसऱ्याला. सकाळी पाटावर पुस्तकं, वह्या, कंपासपेटी, सगळं रचलं जायचं. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची. माझी सरस्वती दर वर्षी थोडी उजवीकडे कलायची. वर झेंडू, आपट्याची पानं, हळदकुंकू. अण्णांची रोजकीर्दसुद्धा शेजारी येऊन बसायची. मग हुकूम सुटायचा, "आज कुणी पुस्तकाला हात लावायचा नाही."

वर्षभर ज्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते, त्या पुस्तकांसाठी त्या दिवशी जीव तुटायचा. इतिहासाचं पुस्तकसुद्धा झेंडूखाली किती वाचनीय दिसायचं! आवडीची पेन्सिल देवापुढे अडकलेली. एका दसऱ्याला मी अण्णांच्या कानामागची पेन्सिल लांबवली. दुपारी ते जेवून आडवे झाले होते. पट्ट्यांची वही पूजेत नव्हती, तिला कोण पुसतो? माळ्याच्या जिन्याखाली, पोत्यांवर बसून, एका उंदराची गोष्ट लिहायला घेतली. हा उंदीर हळदीच्या पोत्यात राहायचा आणि पिवळा झाल्यामुळे त्याला बाकीचे उंदीर घरात घेत नव्हते. काय सुचत होतं म्हणून सांगू! आईनं हाक मारली, मी ओ दिली नाही. श्रीखंडाचं पातेलं चाटायला बोलावत होती, तरी दिली नाही.

संध्याकाळी सोनं वाटून झालं, दुसऱ्या दिवशी पूजा हलली. "झाले लाड, बसा आता अभ्यासाला," अण्णा म्हणाले, आणि माझी गोष्ट जागच्या जागी थांबली. तो उंदीर अजून पोत्यातच आहे.

मनाई म्हणजे लिहिण्याचं औषध, असा एक सिद्धांत यातून काढता येईल. मी नवऱ्याला सांगूनही बघितलं होतं की मला लिहू देऊ नकोस. तो म्हणाला बरं, आणि क्रिकेट लावून बसला. मीही बसले.

आमच्या आजीला असले सिद्धांत लागत नव्हते. ती दासबोध वाचायची. त्याच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. मी मोठ्या आशेनं तो काढून बसले होते. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं काढावं. पहिलं अक्षर आणि ग्रंथ संपतानाचं अक्षर एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. बरू कसे घ्यावेत तेसुद्धा आहे. सुचत नसेल तर काय करावं, याबद्दल समर्थ अवाक्षर काढत नाहीत. त्यांना तो प्रश्नच पडलेला दिसत नाही.

आजीलाही पडला नव्हता. दुपारी भांडी झाली की ती जपाची वही घेऊन भिंतीला टेकायची आणि 'श्रीराम जय राम जय जय राम' लिहीत जायची, ओळीखाली ओळ. "कंटाळा नाही का गं येत?" मी विचारायची. "येतो म्हणून तर लिहिते. नाहीतर दुपार कुठं जातीय?" ती वर न बघता म्हणायची.

ती गेल्यावर ट्रंकेतून वह्या निघाल्या. आधीच्या वह्यांत अक्षर बारीक, मग ते मोठं होत गेलेलं, शेवटी एका ओळीत एक जप मावेनासा झालेला. वहीच्या समासात, उभ्या रेघेच्या पलीकडे, तिनं अधूनमधून टिपून ठेवलं होतं. 'विरजण कमी पडले.' 'नळाला पाणी नाही.' 'धाकटीचा पेपर गणिताचा.' 'लाईट गेले, अंदाजे लिहिते.' एका ठिकाणी नुसतंच, 'हात दुखतो.' आणि शेजारी रामनाम चालूच. त्या ओळी मी पान पान उलटून शोधत होते. रामाच्या ओळींवरून नजर घसरत होती आणि विरजणापाशी थांबत होती.

काका म्हणाले, वह्या देवळात देऊ, जपाच्या वह्या घरात ठेवून काय करायचं. बरोबरच होतं. समास तेवढे कापून घ्यावेत असं माझ्या मनात आलं होतं. पण दुपारची वेळ होती, मी नुकतीच पाठ टेकली होती, आणि कात्री स्वयंपाकघरात होती.