हिवाळ्यातली शिल्लक युनिटं आणि आंघोळीचं पाणी : माझा अनुभव

छतावर सोलर पॅनल आणि नेट मीटर (लाइनवर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) असलेल्या घराचा वर्षाचा वीजहिशेब 31 मार्चला बंद होतो, आणि नागपूरच्या हवामानाशी ही तारीख अजिबात जुळत नाही. आमचा खरा खप एप्रिल ते जून. एसी, कूलर, दिवसभर पंखे. तेव्हा छतावरची 3 किलोवॉटची सिस्टीम पुरत नाही आणि बिल भरावंच लागतं. पुढे दिवाळीनंतर कूलर झाकून ठेवले, एसी बंद झाला, की वापर एकदम खाली येतो. आकाश निरभ्र असतं, हवा गार असते. पॅनल जितकं थंड तितकं ते चांगलं काम करतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतही दिवसाला साधारण बारा युनिटं तयार होतात आणि घराला लागतात पाच-सहा. उरलेली महिन्यामागून महिना बिलावर जमा होत जातात. मग येतो 31 मार्च. शिल्लक युनिटं वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेतली जातात, ती रक्कम पुढच्या बिलात वळती होते आणि खातं पुन्हा शून्यावरून सुरू होतं. हा दर आपण विजेला मोजतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. दुसऱ्याच दिवशी एप्रिल उजाडतो, आणि ज्या युनिटांची खरी गरज आता पडणार, ती हातात नसतात.

पंतप्रधान सूर्यघर योजनेतून आम्ही 2024 मध्ये सिस्टीम बसवली. 3 किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान मिळालं. अर्ज, पाहणी, करार, मीटर टेस्टिंग हे सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. पहिल्या मार्चअखेरीस मात्र बिलावरची शिल्लक पाहिली आणि ठरवलं, ही वीज हिवाळ्यातच घरात वापरायची. हिवाळ्यात नागपूरच्या घराला सगळ्यात जास्त काय लागतं? गरम पाणी. डिसेंबर 2018 मध्ये इथे पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, त्या दिवसांत गार पाण्याने हात धुवायलाही नको वाटायचं.

आमच्याकडे गॅस गिझर होता. सिलिंडरचा खर्च होताच, पण मला त्याची भीती जास्त वाटायची. आई सत्तरीच्या पुढची. थंडीत ती बाथरूमची खिडकी घट्ट लावून घेते. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेर कोणाला कळतही नाही. "आई, खिडकी उघडी ठेवत जा" असं रोज सांगूनही काही फरक पडत नव्हता, कारण तिला थंडी खरोखरच सोसत नाही. ज्यांच्या घरी गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला आहे, त्यांनी पैशांचा हिशेब नंतर करावा, आधी तो बाहेर काढावा.

सोलर वॉटर हीटरचा विचार केला. उन्हातून थेट पाणी तापवण्यात तो पॅनलपेक्षा कितीतरी सरस आहे, हे मान्य. पण आमच्या स्लॅबची दक्षिणेकडची बाजू पॅनलांनी व्यापलेली, वरून खालपर्यंत वेगळी पाइपलाइन टाकावी लागणार, बोअरचं पाणी जड असल्याने नळ्यांत क्षार धरणार, आणि मे महिन्यात त्या उकळत्या पाण्याचं करायचं काय? हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप एका युनिटात तिप्पट काम करतो, पण महाग. मार्चअखेर स्वस्तात जाणारी युनिटं वाचवण्यासाठी तेवढा खर्च मला पटला नाही.

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, डायव्हर्टर नावाचं यंत्र लावतात. जेवढी वीज बाहेर जायला निघाली असेल तेवढीच ते गिझरच्या कॉइलकडे वळवतं. तिथे बाहेर दिलेल्या विजेला कमी पैसे आणि घेतलेल्या विजेला जास्त, म्हणून ते परवडतं. आपल्याकडे वर्षभर युनिटामागे युनिट वजा होत असल्याने त्याची गरज नाही. साधा स्टोरेज गिझर पुरतो.

तो केवढा घ्यायचा, हे मी कागदावर मांडलं. एका युनिटात 86 लिटर पाणी 10 अंशांनी तापतं. 50 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 2.3 युनिटं लागतात, म्हणजे 2 किलोवॉटची कॉइल सव्वा तासाच्या आत काम संपवते. त्या 50 लिटरमध्ये तेवढंच गार पाणी मिसळलं की 40 अंशांचं 100 लिटर पाणी होतं. चार माणसांना प्रत्येकी एक भरलेली बादली, वर भांड्यांसाठी थोडं. सगळ्यात जास्त स्टारचा, म्हणजे कमी वीज खाणारा, जाड इन्सुलेशनचा गिझर सीताबर्डीच्या बाजारातून आणला.

बसवताना खरा वेळ गेला तो भिंतीत. भरलेला गिझर सत्तर किलोच्या आसपास जातो आणि आमची ती भिंत अर्ध्या विटेची. इलेक्ट्रिशियनने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे भिंत याचं वजन नाही घेत. तिकडच्या नऊ इंचीवर लावू, पाइप थोडा लांब जाईन." तसंच केलं, आणि लांबलेल्या पाइपवर काळा फोम चढवला. एमसीबीपासून स्वतंत्र चार एमएमची वायर, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. पाणी आणि वीज जिथे एकत्र येतात तिथे यात काटकसर करायचीच नाही. गिझर ठरल्या वेळी चालू करायला टायमर लावला, पण त्याच्या आतल्या छोट्या स्विचवर (रिलेवर) रोज दोन किलोवॉटचा भार नको, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार सोसणारा स्विच, घातला. मंजूर भारात (वीज कंपनीने घराला मान्य केलेल्या किलोवॉटमध्ये) हा गिझर बसतो का, ते आधीच बिलावर तपासून घेतलं होतं.

टायमरवर वेळ लावली सकाळी अकराची. मेहुणे म्हणाले, "हिशेब तर सारखाच आहे, मग पहाटे पाचला लावा ना, पाणी ताजं मिळेल." पैशांच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. पण जानेवारीत इथे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो. पाचला गिझर लावला तर ती वीज कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळशावर तयार होणार, आणि माझं ऊन दुपारी बाहेर जाणार. दुसरी गोष्ट, आमच्या गल्लीत आता बऱ्याच छतांवर पॅनल आहेत. दुपारी सगळेच वीज बाहेर ढकलतात, तेव्हा लाइनचं व्होल्टेज चढतं आणि ते फार वर गेलं की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःला बंद करून घेतो. त्या वेळी घरात दोन किलोवॉटचा भार चालू असला की बाहेर जाणारी वीज कमी होते आणि व्होल्टेजही थोडं उतरतं. हे मी इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर उभं राहून पाहिलं आहे. कॉन्टॅक्टर खट् करून लागला की आकडा खाली सरकतो.

दुपारचं पाणी सकाळपर्यंत टिकतं का, ही शंका सगळ्यांनाच येते. टिकतं. दुपारी 60 वर बंद झालेल्या गिझरचं पाणी सकाळी नळाला 50 च्या वरच मिळतं. एक मात्र ध्यानात ठेवावं. गिझरमधून गरम पाणी निघतं तसं खालून गार पाणी आत शिरतं, आणि ते पहाटेचं, छतावरच्या टाकीतलं सगळ्यात थंड पाणी असतं. त्यामुळे शेवटी आंघोळ करणाऱ्याला कोमट पाणी मिळू शकतं. आमच्याकडे आई पहिली जाते, मुलगा शेवटी. फार कडाक्याची थंडी असली तर सकाळी वीस मिनिटं गिझर हाताने चालू करतो, त्यात काही बिघडत नाही.

मार्चच्या मध्यापासून स्लॅबवरच्या टाकीचंच पाणी कोमट येऊ लागतं, तेव्हा गिझरची एमसीबी पाडून ठेवतो. उन्हाळ्यात कामाची सवड मिळाली की गिझरची टाकी खोलून क्षार काढायचा आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड पाहायचा. जड पाणी आधी तो रॉड खातं, टाकी नंतर. तो झिजून तारेइतका झाला असेल तर नवा घालायचा, दिवाळीच्या आत.